एकट्या जेवणाऱ्यांची पंगत

३ सप्टेंबर, मंगळवार
लेबर डेची सुट्टी संपली. माझं विद्यापीठाचं नवं वर्ष आजपासून. वाढवून मिळालेली मुदत मे अखेर संपते, मग विद्यापीठ नाव काढून टाकतं. काळजीचं कारण नाही. मी दबावाखाली उत्तम काम करतो, फक्त दबाव अजून पुरेसा आलेला नाही.

नर्सिंगमधल्या डॉक्टरेटसाठी जे जे लागतं त्यातलं बहुतेक उरकलं आहे. कोर्स झाले. मोठी परीक्षा झाली (दुसऱ्या खेपेला, पहिल्या खेपेला प्रश्नच चुकीचे होते). प्रबंधाची समिती नेमली. एथिक्स कमिटीची परवानगी आली. आता फक्त माणसं शोधायची, मुलाखती घ्यायच्या, लिहून काढायचं आणि समितीपुढे उभं राहून त्याचा बचाव करायचा. म्हणजे किरकोळ.

५ सप्टेंबर
विषय: हॉस्पिटलमधून घरी गेल्यावर एकट्याने जेवणारी वृद्ध माणसं. माणसं बारा हवीत. निकष साधा: वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि आठवड्यातल्या निदान पाच संध्याकाळी एकट्याने जेवण. आमच्या या उत्तर मिनेसोटात अशी माणसं पैशाला पासरी. नाताळच्या आधी बारा सहज होतील. पंधरा झाली तर तिघांना नाही म्हणावं लागेल, त्याचं वाईट वाटतं.

माझ्या मार्गदर्शक डॉ. स्टाइनबाख विचारत होत्या, हाच विषय का निवडलात. मी म्हटलं, साहित्यात पोकळी आहे. बाई माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत, त्यामुळे काही गोष्टी त्यांना उशिरा कळतात.

९ सप्टेंबर
नवा बिल्ला करून घेतला. डेल ब्रँडव्होल्ड, आर.एन., पीएच.डी., आणि पुढे कंसात सी. सी म्हणजे कँडिडेट, प्रबंध सोडून बाकी सगळं झालेला. असं लिहू नये, असं विद्यापीठाच्या पुस्तिकेत आहे, पण पेशंट ती पुस्तिका वाचत नाहीत. आमच्या वॉर्डची इन्चार्ज रोंडा हिने बिल्ला उलटसुलट करून पाहिला आणि हा सी कशाचा म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, कॉफीचा असणार, जा, चार घेऊन ये. आणल्या. नेतृत्वाला नम्रता लागते.

१३ सप्टेंबर
डॉ. स्टाइनबाख म्हणतात, संशोधकाने स्वतःच्या मनाची वही ठेवायची. आपल्या भावना, आपले पूर्वग्रह आधी कागदावर काढून बाजूला ठेवायचे, म्हणजे समोरच्याचं नीट ऐकू येतं. ती अधिकृत वही लॅपटॉपवर उघडली आहे. पहिली नोंद केली: संशोधकाला या विषयाबाबत वैयक्तिक असं काही नाही. तिथेच थांबलो, कारण पुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं.

(ही रोजनिशी वेगळी. ही माझी आहे.)

मी एकटा राहतो, पण एकाकी नाही. हा फरक साहित्यात अगदी स्पष्ट केलेला आहे. बायको, शेरिल, चार वर्षांपूर्वी ॲरिझोनाला गेली. तिला इथली थंडी सोसत नव्हती. तिथे तिला ग्लेन नावाचा एक माणूस सोसतो. रात्रीचं जेवण मी सिंकपाशी उभ्यानेच उरकतो. याला वेळेचं नियोजन म्हणतात.

२० सप्टेंबर
जाहिराती लावल्या. लुथरन चर्चच्या तळघरात, औषधाच्या दुकानात आणि मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात. फोनचा ओघ आवरायला जमेल का, ही शंका आहे.

२७ सप्टेंबर
एक फोन आला. छपराच्या पन्हळी साफ करून हव्यात का, असं विचारत होता.

१ ऑक्टोबर
आज वॉर्डात कामाची गर्दी नव्हती. मी सहज म्हटलं, आज किती शांत आहे. ड्युटीवर नर्सने हा शब्द तोंडातून काढायचा नसतो, हे इथे नवशिक्यालाही ठाऊक असतं. पण मी विज्ञान मानणारा. अर्ध्या तासात तीन ॲडमिशन आल्या, एक आजोबा बाथरूममध्ये घसरले आणि एका बाईंनी सलाईनची नळी उपटून काढली. रोंडा म्हणाली, डेल, तू तुझी ती डॉक्टरकी एकदाची उरक आणि आमच्या डोक्यावरून ऊठ बाबा. ड्युटी संपल्यावर सगळे मिळून बोलिंगला गेले. मला विचारलं नाही. माझा अभ्यास असतो, याची त्यांना जाणीव आहे.

८ ऑक्टोबर
चौघं मिळाली. एक तृतीयांश काम झालंच म्हणायचं. अर्डिस पेल्टो, मिस्टर गुंडरसन, मिस्टर होल्म आणि मिस्टर केतोला. गुरुवारपासून मुलाखती.

१० ऑक्टोबर, गुरुवार
पहिली मुलाखत. आर्वो केतोला, वय ब्याऐंशी, खुब्याचं हाड मोडून आमच्याच हॉस्पिटलमध्ये होते, वेगळ्या वॉर्डात. आयुष्यभर लोहखनिजाच्या बोटींवर स्वयंपाकी. बायको, इर्या, तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. घर सरोवराच्या बाजूला, शेवटच्या वळणावर. मुलाखत दोन तास चालली. माणूस काय बोलतो. रडवलं त्याने मला, म्हणजे एका क्षणी घसा बसला, हवा कोरडी होती. घरी येऊन पाहिलं तर रेकॉर्डरचं बटण दाबलेलंच नव्हतं.

फोन करून सांगितलं. म्हणाले, मग ये परत पुढच्या गुरुवारी. मी कुठे बोटीवर चाललोय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
पोहोचलो तर टेबलावर दोन ताटं. माशाचं कालवण, बटाटे, राय नावाच्या धान्याची भाकरी. मी म्हटलं, एथिक्स कमिटीच्या नियमात हे बसत नाही. ते म्हणाले, पोरा, बोटीवर पन्नास जणांचं करायचो, दोघांपुरतं करायला आता शिकलोय, त्यात तू एकट्यापुरतं करायला लावू नकोस. पोरा! मी चौपन्न वर्षांचा आहे. जेवलो. तोंडात घास असताना रेकॉर्डिंग स्पष्ट येत नाही, म्हणून रेकॉर्डर खिशातच ठेवला. पुढच्या गुरुवारी नक्की.

२४ ऑक्टोबर
रेकॉर्डर काढणार होतो, पण पत्ते निघाले. अर्डिस पेल्टोला तिची लेक सेंट पॉलला घेऊन गेली. उरले तिघं.

७ नोव्हेंबर
गुणात्मक संशोधनात दीर्घकाळ सहवास हा विश्वासार्हतेचा निकष मानतात. संशोधक जितका जास्त काळ माणसाजवळ राहील तितकं निरीक्षण खोल. म्हणून रविवारीही जायला लागलो आहे. आर्वो रविवारी हेरिंग मासे तळतात.

मिस्टर गुंडरसन यांनी फोन केला. त्यांना मैत्रीण मिळाली. वय चौऱ्याऐंशी. म्हणाले, तुझ्या जाहिरातीचा उपयोग झाला रे, चर्चच्या तळघरात दोघं एकाच वेळी ती वाचत होतो. संशोधनाचा समाजावर परिणाम होतो तो असा. उरले दोघं.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
रोंडाने आजची जादा ड्युटी मला देऊ केली. दरवर्षी मीच घेतो. नाही म्हटलं. ती म्हणाली, का रे, कुठे जायचंय? मी म्हटलं, फील्डवर्क.

आर्वोने टर्की केली, ती पन्नास जणांच्याच मापाने. मला म्हणाले, इर्या गेल्यापासून हा पक्षी मी घरात आणला नव्हता. ताटं मी धुतली, पुसली त्यांनी. निघताना दारात म्हणाले, मंगळवारी काय करतोस? मंगळवारी मी काहीच करत नाही.

अधिकृत वहीत लिहिलं: सहवास चालू.

१२ डिसेंबर
मिस्टर होल्म गेले. म्हणजे सेंट पॉलला नाही, खरंच गेले. अंत्यविधीला चर्चच्या तळघरात कॉफी आणि केक होता. माझी जाहिरात अजून भिंतीवर होती. खालच्या फाडून न्यायच्या फोन नंबरांच्या पट्ट्या जवळजवळ सगळ्या शाबूत.

आर्वोबरोबर गेलो होतो. बर्फावर त्यांनी माझा दंड धरला होता. तोल मात्र माझा गेला.

२५ डिसेंबर
आर्वोकडे. शेरिलचा मेसेज आला, फोटो होता, कॅक्टसला दिव्यांची माळ. ग्लेन अर्ध्या चड्डीत. मी आर्वोला दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, पाय बघ त्याचे, कोंबडीचे. दिवसभर आठवून आठवून हसू येत होतं.

७ जानेवारी, मंगळवार
नव्या वर्षाचा संकल्प: रोज पाचशे शब्द. हे वरचे शब्द धरले तर सुरुवात झाली.

१४ जानेवारी, दुपारी ३
डॉ. स्टाइनबाख यांच्याशी व्हिडिओवर बोलणं झालं. समिती अस्वस्थ आहे म्हणे. मार्चच्या मध्यापर्यंत एक तरी पूर्ण मुलाखत टाईप करून द्या, ती बघून मुदत पुढे न्यायची की फाईल बंद करायची ते ठरेल. एकच? मी हसलो. माझ्याकडे तीन महिन्यांचा सहवास आहे.

मग त्यांनी विचारलं, तुमचे हे मिस्टर के. निकषात बसतात ना? पाच संध्याकाळी एकटे?

मी गुरुवार, रविवार, मंगळवार बोटांवर मोजले. सातातून तीन गेले, उरले चार.

मी त्यांना विचारलं, माझ्या ओळखीचा एक संशोधक आहे, दुसऱ्या राज्यातला, तो सहभागी माणसाबरोबर जेवायला लागला, तर त्याने काय करावं? बाई जराही विचार न करता म्हणाल्या, त्या माणसाला अभ्यासातून वगळावं आणि जेवायला जात राहावं. इतकं साधं आहे, डेल.

साधं त्यांच्यासाठी. त्यांची डॉक्टरेट झाली आहे. आर्वोला वगळलं तर माझ्याकडे उरतं शून्य. आणि डॉक्टरेट झाली नाही तर मी सहा वर्षं काय करत होतो, हे मला रोंडाला, शेरिलला आणि सगळ्यांना सांगावं लागेल. सगळे म्हणजे त्या दोघीच, पण तरी.

१५ जानेवारी
तोडगा सापडला. औषधांच्या चाचणीत एक औषध बंद करून दुसरं सुरू करायच्या आधी काही आठवडे नुसतेच जाऊ देतात. पहिलं औषध शरीरातून पूर्ण उतरलं पाहिजे. आर्वोच्या बाबतीत औषध म्हणजे मी. सहा आठवडे गेलो नाही की आर्वो पुन्हा एकटे, म्हणजे पुन्हा निकषात. मग जायचं, बटण दाबायचं, मुलाखत घ्यायची. आणि त्यानंतर पुन्हा गुरुवार, रविवार, मंगळवार. कुणाचंच नुकसान नाही. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

कारण मात्र त्यांना आधी सांगायचं नाही. माणूस वाट बघायला लागला की अनुभव नैसर्गिक राहत नाही. शास्त्र कठोर असतं.

१६ जानेवारी, गुरुवार
गेलो नाही. उणे बावीस अंश होतं, तसंही गाडी सुरू व्हायला त्रास झाला असता. गाडी सुरू करून पाहिली. लगेच झाली.

१९ जानेवारी, रविवार
आर्वोचा फोन आला होता. उचलला नाही. त्यांनी निरोप ठेवला नाही. निरोप ठेवायची त्यांना सवय नाही, त्यामुळे यातून काही निष्कर्ष काढता येत नाही.

२३ जानेवारी
फोन पुन्हा. फ्रोजन लझान्या सिंकपाशी. चव बरी होती. मीठ कमी, हे तब्येतीला चांगलंच.

२८ जानेवारी, मंगळवार
रोंडा म्हणाली, अरे, तुझ्यासाठी वॉर्डवर फोन आला होता, कुणीतरी म्हातारा. तू बरा आहेस का, कुठे अपघात वगैरे झालाय का, विचारत होता. आवाज कापत होता बिचाऱ्याचा. मी म्हटलं, छे हो, अगदी ठणठणीत आहे, हा काय खाली कॅन्टीनमध्ये पाय खाजवत बसलाय. तर म्हणाला, बरं. आणि ठेवला. कोण रे तो?

मी म्हटलं, पेशंट.

बरं झालं. काळजी मिटली त्यांची. आता त्यांचा अनुभव स्वच्छ होईल.

१३ फेब्रुवारी
फोन बंद झाले आहेत. औषध उतरत आहे.

संध्याकाळी गाडी काढून त्या शेवटच्या वळणापर्यंत गेलो. फक्त रस्ता साफ केलाय का ते बघायला, मार्चमध्ये जायचं आहे म्हणून. खिडकीत दिवा होता. दार उघडलं तर सहा आठवडे फुकट गेले असते. मी हातमोजे घालून गाडीत बसून राहिलो आणि मग वळवली. मला फार भूक लागली होती, आणि आत काय शिजत असेल ते मला माहीत होतं, गुरुवार होता.

२७ फेब्रुवारी
सहा आठवडे पूर्ण. फोन केला. मोठ्या उत्साहाने म्हटलं, आर्वो, पुढच्या गुरुवारी येतो, मुलाखतीला. ते म्हणाले, मुलाखतीला. हो. या.

या, म्हणाले. ये नव्हे. वयामुळे माणसं औपचारिक होतात.

६ मार्च, गुरुवार
मुलाखत झाली. बटण दाबलं होतं, तीनदा तपासलं.

टेबल पुसून ठेवलेलं, वर काही नव्हतं. कॉफीसुद्धा नाही. आर्वोने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, डॉक्टरकडे जाताना घालतात तसा. मी संमतीपत्रक वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. पहिला प्रश्न विचारला: आठवड्यातल्या किती संध्याकाळी एकट्याने जेवता? म्हणाले, सगळ्या. मला आनंद झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला.

दुसरा प्रश्न: एकट्याने जेवल्याची अलीकडची एखादी आठवण सांगा.

ते रेकॉर्डरकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही. म्हणाले, एक जण यायचा. आठवड्यातून तीनदा. बायको गेल्यावर मी उभ्याने खायला लागलो होतो, तो यायला लागला म्हणून परत बसून खायला लागलो. मग एका गुरुवारी आला नाही. मला वाटलं, बर्फ आहे. बटाटे झाकून ठेवले. रविवारी वाटलं, गाडी घसरली असेल. पुढच्या गुरुवारीही दोन ताटं मांडली. मग हॉस्पिटलात फोन केला. ती बाई म्हणाली, ठणठणीत आहे. तेव्हा मी दुसरं ताट उचलून वर ठेवून दिलं.

मुलाखत घेताना संशोधकाने मध्ये बोलायचं नसतं. समजावायचं नाही, बाजू मांडायची नाही, सांत्वन करायचं नाही. फक्त म्हणायचं, आणखी सांगा. नीट ऐकून घेण्याची हीच पद्धत शिकवली आहे आम्हाला, आणि त्या कोर्सला मला ए मिळाला होता. मी म्हटलं, आणखी सांगा.

म्हणाले, तो मेला असता तर मला वाईट वाटलं असतं, पण कळलं असतं. हे कळत नाही. मी काही बोललो का त्याला? कालवणात काही झालं का? हे रोज जेवताना डोक्यात येतं. त्यामुळे हल्ली मी टीव्ही मोठा लावतो.

मी म्हटलं, आणखी सांगा.

एवढंच, म्हणाले.

बटण बंद केल्यावर मी सगळं सांगितलं. औषध, सहा आठवडे, निकष, मार्चची तारीख. मला वाटलं होतं, ऐकून हसतील. ते म्हणाले, म्हणजे मला एकटं पाडायचं होतं. मी म्हटलं, तसं नाही, फक्त मोजण्यापुरतं. ते म्हणाले, हं. सहभागाबद्दल दुकानाचं जे भेटकार्ड द्यायचं असतं ते मी पुढे केलं. याआधी कधी घेतलं नव्हतं. आज घेतलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मला दारापर्यंत सोडायला आले. रविवारी येऊ का, मी विचारलं. म्हणाले, नको, तुमचं काम झालंय की आता.

गाडीत बसून मी रडलो. हवा कोरडी वगैरे नव्हती.

९ मार्च, रविवार
गेलो. दिवा होता, टीव्हीचा आवाज रस्त्यावर येत होता. दार वाजवलं. ऐकू गेलं नसेल.

१२ मार्च
मुलाखत टाईप करून पाठवली. अठरा पानं. जिथे माणूस गप्प बसतो तिथे 'विराम' लिहायचं असतं आणि तो कुणाचा तेही लिहायचं असतं. बऱ्याच ठिकाणी माझा लिहिला.

१९ मार्च, सकाळी १०
डॉ. स्टाइनबाख यांचा फोन. समिती भारावून गेली आहे. एकाने तर म्हणे वर्गात वाचून दाखवायची परवानगी मागितली. मुदत पुढच्या वर्षअखेरपर्यंत वाढवून दिली. बाई म्हणाल्या, डेल, सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही कुणाचं तरी ऐकलंय असं वाटलं. आता अशा अकरा हव्यात.

मी आभार मानले. रोंडाला सांगितलं, तिने सगळ्या वॉर्डसमोर टाळ्या वाजवल्या आणि यावेळी कॉफी तिने आणली. आज बोलिंगला येतोस का, असंही विचारलं. नको म्हटलं.

२१ मार्च
बाईंनी पानं परत पाठवली आहेत, कडेला सूचना लिहून. बहुतेक किरकोळ. बाराव्या पानावर मात्र एका वाक्याखाली दोन रेघा मारल्या आहेत आणि विचारलं आहे: हा जो यायचा बंद झाला, त्याच्याशी कुणी बोललं का? तो का आला नाही, ते कळलं तर अभ्यास पूर्ण होईल. त्याला शोधता येईल का?

मी खाली उत्तर टाईप केलं: प्रयत्न केला. सापडला नाही.